अर्ध्या भिंतीचे दोन मालक

२४ जानेवारी

सुतारसाहेब यांस,

पहिल्याच ओळीत सांगून टाकते, नाहीतर तुझा भलता समज व्हायचा. तुझी आठवण येते म्हणून हे पत्र लिहीत नाहीये. घराच्या करारावर खरेदीदार म्हणून आपल्या दोघांची नावं आहेत, आणि बिल्डरकडे रीतसर तक्रार करायची तर दोघांच्या सह्या लागतात. नियम आहे, म्हणून लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तुझी आई म्हणाली, "लिही. लिहिताना मध्ये बोलायला तो नसतो."

तर, घर गळतंय. म्हणजे गळतंय आपल्याकडून आणि पडतंय खालच्या मजल्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे. ते राहत्या घरातच पेशंट तपासतात. परवा एक गृहस्थ त्यांच्या खुर्चीत आ वासून पडले होते आणि छतावरून थेंब नेमका त्यांच्या तोंडात पडला. गृहस्थांना वाटलं, औषध सोडलं. दुसरा थेंब पडल्यावर डॉक्टर वर आले. भला माणूस आहे, आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाले, "ताई, तुमचं सिंक माझ्या पेशंटला चूळ भरायला लावतंय."

पाणी कुठून जातंय ते आम्ही शोधलं. तुझ्या त्या अर्ध्या भिंतीतून. हो, तीच. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली. नकाशात ती पूर्ण होती, मध्ये दार असलेली; तुला ती मुळीच नको होती, मला हवी होती, आणि त्यावरून आपण जे काही बोललो ते इथे पुन्हा लिहायची गरज नाही. तू निघून गेलास, किल्ल्या घ्यायला मी एकटी गेले, आणि बघते तर भिंत छातीपर्यंत येऊन थांबलेली. माझ्यामागे बिल्डरला पटवून तू ती अर्धी करून घेतलीस. त्यावर मी तुला आजवर एक शब्द विचारला नाही, कारण विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस.

आता ती भिंत हलते. कोपर टेकवलं तरी डुलते. सिंकचा पाइप तिच्या पोटातून गेलाय, ती डुलली की पाइपचा सांधा सुटतो. आम्ही स्वयंपाकघराचा नळ बंद करून टाकलाय आणि भांडी बाथरूममध्ये घासतो. तुझी आई स्टुलावर बसून घासते आणि तेवढा वेळ तुझ्या बिल्डरचा उद्धार करते.

डॉक्टर म्हणाले, नव्या घराला हमीचा काळ असतो. त्या काळात बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने स्वतःच्या खर्चाने नीट करून द्यायचं. मेहरबानी म्हणून नव्हे, कायद्याने. मी चार चारदा विचारून घेतलं. पाच वर्षं गाडी शिकवतेय, लोकांना सिग्नलचे नियम तोंडपाठ करून घेते, आणि स्वतः राहते त्या घराचा एक नियम मला माहीत नव्हता! आपला हमीचा काळ मार्चअखेर संपतोय. सोबत अर्ज आहे. जिथे पेन्सिलने फुली केलीय तिथे सही कर आणि उलट टपाली पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

कळावे,
खरेदीदार क्रमांक दोन


१२ फेब्रुवारी

सुतारसाहेब,

सही मिळाली. आभार. पण सहीखाली तू ती जी एक ओळ लिहिलीयस ना, ती वाचून माझं डोकं फिरलं. "अर्धी भिंत माझी नाही, तुझी आहे." माझी? मी? जिने पूर्ण भिंतीसाठी तुझ्याशी अबोला धरला, ती मी अर्धी भिंत कशाला मागेन? कमाल आहे तुझी. इतक्या लांबून, एका ओळीत, सहीच्या खाली टोला हाणायची ही कला तू कुठे शिकलास?

असो. रागाला वेळ नाही, कारण बिल्डरचं उत्तर आलंय. उत्तर असं, की ग्राहकाच्या सांगण्यावरून केलेल्या बदलांना हमी लागू होत नाही. ही भिंत ग्राहकाच्या सांगण्यावरून बदलली. सबब, नमस्कार. मी त्यांच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, थंडगार हवा, काउंटरवर गोड आवाजाची मुलगी. तिने मला पाणी दिलं. मी म्हटलं, "पाणी आहे आमच्याकडे. खालच्यांकडेही आहे." ती हसली नाही.

"कुठल्या ग्राहकाच्या सांगण्यावरून?" मी विचारलं.

"आपल्याच, मॅडम."

"माझ्या?"

"आपल्या फ्लॅटच्या, मॅडम."

मग मी उठून निघाले, कारण माझ्या मते तो ग्राहक तूच होतास. घरी येताना मनात सगळं रचून झालं होतं: तू निस्तर, तुझ्यामुळे हमी गेली, वगैरे. दोन पानं सहज झाली असती. तुझ्या आईने अडवलं. म्हणाली, "आधी त्या साइटवरच्या माणसाला घरी बोलाव. भिंत बांधली त्याने, त्यालाच विचारू. ऑफिसातल्यांनी भिंत कधी बघितलीय?"

आणि साइटवरच्या माणसाला घरी आणायचं काम तिने स्वतःच्या अंगावर घेतलं. तुला तर माहीत आहे, बाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आता रोज ऑफिस उघडलं रे उघडलं की फोन लावते. तो खास आवाज, ज्याने तू लहानपणी अभ्यासाला बसायचास, तो काढते. समोरचा म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. ही म्हणते, "काही हरकत नाही, मी लाइनवर आहे." आणि खरंच राहते! फोन स्पीकरवर ठेवून कपड्यांच्या घड्या घालते. काल त्यांनी चुकून लाइन साहेबांच्या मीटिंगमध्येच जोडली. ही सगळ्यांना म्हणाली, "नमस्कार, आपलं चालू द्या." संध्याकाळी फोन आला, सुपरवायझर पुढच्या आठवड्यात येतोय.

सांगायचं म्हणजे, बाईंची तब्येत उत्तम आहे. तू विचारलं नाहीस, तरी कळवलं.

खरेदीदार क्रमांक दोन


१९ फेब्रुवारी

अरे!

बसला नसशील तर बस. हातात करवत असेल तर खाली ठेव.

सुपरवायझर आज आला. टोपी काढून, चपला बाहेर काढून, अगदी नम्रपणे. भिंतीजवळ गेला, हाताने हलवली, स्वतःच दचकला. मी माझी फैर झाडायच्या तयारीत होते. तुझी आई खुर्ची ओढून समोर बसलेली. मी म्हटलं, "ही भिंत अर्धी कुणाच्या सांगण्यावरून केलीत?"

तो म्हणाला, "मॅडम, दोघांच्या."

"दोघांच्या म्हणजे?"

"साहेबांचं पत्र आलं होतं, भिंत काढून टाका. मग आठ दिवसांनी तुमचं आलं, भिंतीला हात लावू नका. आता आम्ही कुणाचं ऐकायचं? एकाचं ऐकलं तर दुसरं नाराज. आमचे मुकादम म्हणाले, घरात भांडण नको. अर्धी घ्या. म्हणजे साहेबांनाही वाटेल ऐकलं, मॅडमनाही वाटेल ऐकलं." आणि वर हसून म्हणतो कसा, "दोघांचंही मन राखलं!"

अरे, तू पत्र लिहिलं होतंस! आणि मीही लिहिलं होतं! एकमेकांना न सांगता! आपण तेव्हा जुन्या घरात एकत्र राहत होतो, एका ताटाशेजारी ताट मांडून जेवत होतो, आणि दोघंही चोरून बिल्डरला पत्रं लिहीत होतो. आणि त्या भल्या माणसांनी बसून आपल्या भांडणाची चक्क भिंत बांधली.

तुझी आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी हसले नाही. आधी नाही. मी त्या भिंतीकडे बघत उभी राहिले आणि मला एकदम लख्ख दिसलं, की तू नव्हतास. ही अर्धी भिंत तू माझ्यामागे करून घेतली नव्हतीस. एवढे दिवस मी सकाळी उठून, चहा करता करता, त्या भिंतीकडे बघून तुझ्यावर चिडत होते. रोज! चहाच्या सवयीसारखी सवय झाली होती. आणि तू तिकडे? आईने तुला घराचा फोटो पाठवला होता, ते मला आज कळलं. तो बघून तुला वाटलं ना, की मीच तुला चिडवायला अर्धी भिंत उभी केली? तुझी मागणी अर्धी मान्य, म्हणून? म्हणूनच त्यानंतर तू आईशी बोलायचास आणि माझं नाव काढायचा नाहीस?

अरे, मी कितीही वाईट असले तरी इतकं मोजूनमापून वाईट वागणं मला जमायचं नाही. रागाच्या भरात पूर्णच भिंत बांधली असती.

आता ऐक खरी गंमत. मी सगळं डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांच्या खुर्चीत पेशंट होता, तोंडात कापूस, पण तोही ऐकत होता. डॉक्टरांनी स्वतः त्यांच्या दारावरून बिल्डरशी भांडण केलंय, त्यांना हे कायदे पाठ आहेत. ते म्हणाले, "ताई, मंजूर नकाशात बदल करायचा तर सगळ्या खरेदीदारांची लेखी संमती लागते. सगळ्यांची, आणि एकाच बदलाला. तुमच्या दोघांची तर एकाच गोष्टीला कधी संमती झालेलीच नाही. मग बिल्डरकडे संमती आहे कुठे?"

कळतंय का तुला? आपलं पटत नव्हतं हाच आपला पुरावा आहे! आपण जर शहाण्या जोडप्यासारखं एकमताने काहीबाही लिहून दिलं असतं तर आज हमी गेली असती. आपण भांडलो म्हणून वाचलो!

कापूसवाला पेशंटसुद्धा टाळ्या वाजवत होता.

मी उद्याच घरखरेदीदार तक्रार मंडळात अर्ज देतेय. मला आज इतका आनंद झालाय की दुपारच्या शिकाऊ बाईंनी गाडी फुटपाथवर चढवली तरी मी काही बोलले नाही. "छान," म्हटलं, "आता हळूच उतरवा."

तुझी,
(हे सवयीने लिहून गेले. राहू दे.)


२७ फेब्रुवारी

अरे,

अर्ज दाखल झाला. सुनावणी मार्चच्या मध्यावर आहे. आता नीट वाच, कारण हे सगळं तुझ्यावर येऊन ठेपलंय.

मंडळ म्हणतं, दोष सिद्ध झाला तर खरेदीदाराला दोनपैकी एक मागता येतं. एक, बिल्डरने नकाशाप्रमाणे सगळं नीट करून द्यायचं. दुसरं, करार रद्द, घर परत, पैसे परत. यातलं काय हवं ते प्रत्येक खरेदीदाराने स्वतः सांगायचं. दुसऱ्याच्या वतीने सांगता येत नाही, सही करून पाठवताही येत नाही. आणि दोघांनी एकच सांगायला हवं. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं सांगितलं, तर मंडळ तक्रार बाजूला ठेवणार, आपसात ठरवून या म्हणणार, आणि आपण आपसात ठरवेपर्यंत मार्च संपून हमी उडालेली असणार. आपण आपसात किती लवकर ठरवतो याचा नमुना स्वयंपाकघरात उभाच आहे.

मला काय हवंय ते उघड सांगते. मला हे घर हवंय.

तू या घरात एक दिवसही राहिला नाहीस, त्यामुळे तुला ते माहीत नाही. सांगते. सकाळी बेडरूमच्या खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसतं, मुलं ओळीत उभी राहतात आणि एक मास्तर रोज शिट्टी विसरतो आणि परत जातो. बाल्कनी इतकी अरुंद आहे की दोन खुर्च्या मांडल्या की गुडघे कठड्याला लागतात. तुझी आई तिथेच बसते, आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाची तिला खबर असते. लिफ्टमध्ये शिरलं की एक बाई "दरवाजा बंद होत आहे" म्हणते, आणि आई तिला दर वेळी "हो, दिसतंय" असं उत्तर देते. दिवसभर मी परक्या माणसांच्या शेजारी बसून असते, एक पाय कायम ब्रेकवर. कोण कधी कुठे घुसवेल, सांगता येत नाही. घरी आले की मला तो पाय उचलता येतो. या घरात येतो. भांडी बाथरूममध्ये घासत असले तरी येतो.

आता तुझं. आईच्या तोंडून निसटलं, की तुझ्या वर्कशॉपची शेड मालक विकायला काढतोय. तू ती घेऊ शकलास तर तिथे कायमचा बसशील, नाहीतर सगळी यंत्रं उचलून पुन्हा जागा शोधणं आलं. घराचे पैसे परत आले तर तुझं काम होईल. हे मला कळतं. तू दुसरा पर्याय सांगितलास तर मी तुला दोष देऊ शकणार नाही. चिडेन मात्र जरूर.

मी तुला गळ घालत नाहीये. गळ घातली तर तू हट्टाला पेटतोस, हे मी विसरलेले नाही. नियमाप्रमाणे दोन्ही पर्याय तुला कळवणं भाग होतं, ते कळवले. सुनावणीला येता येत नसेल तर पडद्यावरून हजर राहता येतं. त्याची माहिती सोबत आहे. काय सांगणार आहेस ते आधी कळवलंस तर बरं होईल.


९ मार्च

अरे, अजून काहीच नाही.

टपाल वाट चुकलं असं मी दोन दिवस म्हणून बघितलं. तुझी आई म्हणते, "तो उत्तर देत नाही म्हणजे विचार करतोय. विचार करताना तो जेवतसुद्धा नाही." मी म्हटलं, तुम्ही फोन करून विचारा ना, तुमचा मुलगा आहे. तर म्हणाली, "मी नाही मध्ये पडायची. मी एका बाजूला तुझी सासू आणि दुसऱ्या बाजूला त्याची आई. मला दोन्हीकडे राहायचंय." आणि लगेच बिल्डरला फोन लावून, आज कोण सुट्टीवर आहे, याची चौकशी केली. तिथल्या सगळ्यांची नावं तिला माहीत झालीत. गोड आवाजाच्या मुलीचं लग्न ठरलंय. तिनेही नवं घर बुक केलंय आणि आता ती तुझ्या आईला विचारते, करारात काय काय बघून घेऊ!

बिल्डरचा वकील येऊन गेला. म्हणाला, भिंत "सद्भावनेने" बांधली होती, तुम्ही तक्रार मागे घेतलीत तर वरून एक लाकडी पट्टी बसवून घट्ट करून देतो. छान पट्टी, पॉलिश केलेली. मी म्हटलं, माझा नवरा लाकडातला माणूस आहे, त्याच्यासमोर बोलून बघा. तोंडातून निघून गेलं ते. वकिलाने ते लिहून घेतलं.

मी पट्टीला नाही म्हटलं. आता सगळं त्या दिवसावर. भीती वाटतेय, पण मजाही वाटतेय, खोटं कशाला सांगू. कितीतरी दिवसांत मी कशासाठी इतकी भांडले नव्हते. एकटीने भांडण्यात मात्र तितकी मजा नाही.


१६ मार्च

अरे, अरे, अरे!

तुझी लाइन कुठे तुटली ते तुला माहीत नसेल, म्हणून बसल्या बसल्या सगळं लिहून काढते. अजून पायातल्या चपलाही काढलेल्या नाहीत.

आम्ही आधीच जाऊन बसलो होतो. मी, तुझी आई, डॉक्टर. डॉक्टरांनी छताचे फोटो आणले होते आणि सवयीने तोंडाला मास्क लावून बसले होते. समोर तीन जण, मधल्या अध्यक्षबाई. पांढरे केस, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि आवाज असा की तुझी आई माझ्या कानात म्हणाली, "ही एक्स्चेंजमध्ये हवी होती."

वकील बोलायला उठले. दोन ग्राहकांची दोन परस्परविरोधी पत्रं, कंपनीने सद्भावनेने मध्य काढला, वगैरे. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "उद्या एकाने दार मागितलं आणि दुसऱ्याने नको म्हटलं, तर अर्धं दार लावाल का?" वकील म्हणाले, "तसं नाही, पण..." मागून डॉक्टर म्हणाले, "मी अर्धा दात काढत नाही!" त्यांना गप्प बसायला सांगण्यात आलं. बाई म्हणाल्या, दोघांपैकी कुणाचीच संमती अर्ध्या भिंतीला नव्हती. तुम्ही दोघांनाही न विचारता नकाशा बदललात. संमती नाही तर हा बदल तुमचा, आणि दोषही तुमचा.

मी आईचा हात इतका जोरात दाबला की ती ओरडली.

मग त्यांनी मला विचारलं, काय हवं. मी म्हटलं, दुरुस्ती. मग पडद्यावर तू.

तू किती वाळलायस. केसात भुसा होता, मागे कुणीतरी यंत्र चालवत होतं आणि तू वळून त्याला ओरडलास, "दोन मिनिटं बंद कर रे!" तुझा आवाज त्या खोलीत घुमला.

अध्यक्षबाईंनी तुला विचारलं, "आपल्याला दुरुस्ती हवी की रक्कम परत?" तू मागे वळून त्या बंद झालेल्या यंत्राकडे बघितलंस. माझ्या डोळ्यांसमोर तुझी शेड आली. मी मनात म्हटलं, म्हण, म्हणून टाक, मी सांभाळून घेईन. आणि तू म्हणालास, "दुरुस्ती. पूर्ण भिंत, मूळ नकाशात आहे तशी." बाई म्हणाल्या, "आपल्याला तर भिंत नको होती ना?" तू म्हणालास, "मला नको होती. घरात राहते ती. आणि दार नीट बंद होतं की नाही तेवढं बघा. तिला बंद होणारं दार लागतं."

क्षणभर मला वाटलं, आता भर सभेत माझी तक्रार सांगतोयस. मग कळलं, तू माझी बाजू मांडत होतास.

आणि तिथे तुझी लाइन तुटली. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला, असा तू पडद्यावर गोठलास. पुढचा सगळा निकाल अध्यक्षबाईंनी तुझ्या त्या चेहऱ्याखाली बसून वाचला. आई म्हणाली, "शाळेच्या सगळ्या फोटोंत हा असाच आहे."

निकाल असा. अर्धी भिंत पाडायची, नकाशाप्रमाणे पूर्ण बांधायची, पाइप नवा घालायचा, डॉक्टरांचं छत नीट करायचं, सगळं बिल्डरच्या खर्चाने. नव्या कामाची हमी नव्याने सुरू. आणि काम झाल्यावर खरेदीदाराने तपासून, हवं तर सोबत जाणकार माणूस आणून, समाधान झालं तरच सही करायची. त्याआधी कुणी सहीसाठी घाई करू शकत नाही. मागच्या वेळी किल्ल्या घेताना मी न बघता सही केली होती, कारण मला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं. या वेळी खिळा न् खिळा बघणार आहे.

आम्ही बाहेर आलो आणि जिन्यातच नाचलो. डॉक्टरांनी मास्क हवेत उडवला. बिल्डरचा सुपरवायझर कोपऱ्यात उभा होता, तोही हसत होता बिचारा.

तुझ्या शेडचं काय झालं ते कळव. हे कुठल्याही नियमात नाही. मला हवंय म्हणून विचारतेय.


६ एप्रिल

अरे,

तुझं पत्र मिळालं. अख्खं पान! मी ते दोनदा वाचलं, आईने चारदा आणि मोठ्याने. शेडच्या मालकाने थोडी मुदत दिली हे वाचून जीव भांड्यात पडला. हप्त्याने घेता येईल का, हे तू विचारलंयस, तर येईल असं मला वाटतं. त्यावर समोरासमोर बोलता येईल.

भिंतीचं सांगते. जुनी पाडली, त्याला दोन घाव पुरले. नवी बांधायला घेईपर्यंत मध्ये काही दिवस तिथे काहीच नव्हतं. स्वयंपाकघर आणि हॉल एकच. पहिल्या सकाळी मी बाहेर आले आणि बघते तर स्वयंपाकघराच्या खिडकीतलं ऊन थेट सोफ्यापर्यंत पोचलेलं. आई तिकडे चहा गाळत होती आणि मी इकडे बसून तिच्याशी बोलत होते, मान न वळवता, आवाज न चढवता. तुला हेच हवं होतं ना? मला आवडलं. सांगायला हवं म्हणून सांगते, खरंच आवडलं. मग तिसऱ्या दिवशी फोडणीचा धूर माझ्या उशीपर्यंत आला आणि कुकरच्या शिट्टीने मी फोनवर काय बोलतेय ते मलाच ऐकू येईना. तेव्हा मत काही बदललेलं नाही. पण तू वेडा नव्हतास.

आता भिंत पूर्ण उभी आहे. मी तिला खांदा लावून, पाठ लावून, सगळं वजन टाकून बघितलं. हलत नाही. नळ सुरू केला आणि डॉक्टर खाली शिडीवर चढून छताला हात लावून बसले. कोरडं. दार बसवलंय, छान बंद होतं. गंमत म्हणजे दिवसभर ते उघडंच असतं. बंद होतं एवढं माहीत असलं की मला पुरतं.

शनिवारी सकाळी शेवटची तपासणी आहे. सुपरवायझर कागद घेऊन येणार, आपण सगळं बघायचं आणि मगच सही.

आईने तुला फोन करून सांगितलंय म्हणे, की तपासणीला दोन्ही मालक हजर असलेच पाहिजेत, नाहीतर निकाल रद्द होईल. तिच्या त्या आवाजावर विश्वास ठेवू नकोस. तसा काही नियम नाही. एका खरेदीदाराने बघून सही केली तरी चालते. मी मंडळात जाऊन विचारून आले. पुन्हा फोन करूनही विचारलं.

तेव्हा तुझं येणं कशासाठीही गरजेचं नाही. तरी ये.